मुलीला किड्यांचं वेड आहे, हाती घरचा जुना कॅमेरा: पुढे याचाच व्यवसाय करायचा तर सुरुवात कशी करावी?

चिपळूणचा बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे. अगदी लहान असल्यापासून सुरवंट, भुंगे, कोळी यांच्या मागे असते आणि आता फोटोग्राफीच करणार म्हणते. घरी कॅनन १५००डी आहे, सोबत मिळालेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स आहेत. वीसेक हजार रुपये घालता येतील, खरी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं चित्र टिपणारी) त्यात बसत नाही. सध्या तिचे फोटो एकतर हलतात, नाहीतर किड्याचा एक डोळा स्पष्ट आणि बाकी सगळं धूसर. चकचकीत भुंग्यावर तर पांढरा डाग पडतो आणि मागे काळाकुट्ट अंधार.

तर, काय विकत घ्यावं, दहावीनंतर कुठली शाखा, आणि किड्यांच्या फोटोंवर पोट भरतं का, हे तीन प्रश्न. कोकणातल्या पावसात कॅमेरा कसा टिकवायचा हा चौथा. जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

---

भिंगवाला

बाबा, मॅक्रो लेन्स आत्ता नकोच. ५५-२५० घरात आहे म्हणजे निम्मं काम झालंय. तिच्या पुढे क्लिपने अडकवायचं रेनॉक्स डीसीआर-२५० हे भिंग घ्या. ५२ ते ६७ मि.मी. फिल्टर-व्यासाच्या लेन्सवर ते बसतं, तुमच्या दोन्ही लेन्स ५८च्या आहेत. ताकद ८ डायॉप्टर, म्हणजे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) १२५ मि.मी. लेन्स अनंतावर फोकस ठेवली की गणित सोपं: लेन्सचं नाभीय अंतर भागिले १२५. झूम २५०वर ठेवला की सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागावर) किड्याच्या दुप्पट मोठं चित्र, १००वर ०.८ पट. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२ मि.मी. रुंद आहे, म्हणजे २५०वर अख्ख्या चौकटीत फक्त ११ मि.मी. मावतात. मुंगळ्यासाठी ठीक. चतुर बसवायचा असेल तर झूम मागे घ्यायचा, पण ७०च्या खाली कोपरे काळे पडायला लागतात.

झूम कितीही फिरवला तरी भिंगापासून किड्याचं अंतर ११-१२ सें.मी.च्या आसपासच राहतं. नवशिक्यांचा घोळ इथेच होतो: ऑटोफोकस चालू ठेवून लांबूनच बटण दाबत बसतात. ऑटोफोकस बंद. लेन्स अनंतावर. मग स्वतः मिलिमीटर-मिलिमीटर पुढे सरकायचं आणि डोळा स्पष्ट दिसला की बटण. पानाचा देठ डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायचा आणि त्याच मनगटावर लेन्स टेकवायची. मग पान हललं तरी कॅमेरा त्याच्यासोबतच हलतो. ट्रायपॉडपेक्षा रानात हे जास्त चालतं.

एक डोळा स्पष्ट, बाकी धूसर, हा दोष नाही, भौतिकशास्त्र आहे. दुप्पट आकाराला एफ/११वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो वाढला की छिद्र लहान) स्पष्टतेची जाडी जेमतेम ०.११ मि.मी. मिळते, एफ/१६वर ०.१६. तेच १००वर, ०.८ पटीला, एफ/१६वर जवळपास १ मि.मी. होते. म्हणून सुरुवातीचे काही महिने तिला झूम १०० ते १५०च्या मध्येच ठेवायला सांगा. आणि किड्याच्या अंगाला सेन्सर समांतर ठेवायचा. टाचणी (चतुराची सडपातळ बहीण) कडेने, पूर्ण लांबीत टिपली तर तेवढ्या जाडीत अख्खी बसते. तोंडासमोरून घेतली तर शेपूट गेलीच.

एक्स्टेन्शन ट्यूबही (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) बरेच जण सुचवतील. १२, २० आणि ३६ मि.मी.चा संच पन्नासच्या लेन्समागे लावला की ६८ भागिले ५०, म्हणजे १.३६ पट. पण ट्यूब उजेड खाते. एफ/८ लावलात तरी प्रत्यक्षात ते एफ/१९ होतं, छिद्र त्याहून बंद केलं की विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ. रेनॉक्समध्ये हा कर नाही, एफ/१६ म्हणजे एफ/१६च. आणि विजेचे संपर्कबिंदू नसलेली स्वस्त ट्यूब घेऊ नका. कॅननची ऑटो लेन्स त्यावर सताड उघडीच राहते, छिद्र बदलता येत नाही.

---

उजेड_आधी

भिंगवाल्यांशी सहमत. पण प्रश्नातल्या तक्रारी पुन्हा वाचा: हललेला फोटो, पांढरा डाग, काळी पार्श्वभूमी. तिन्ही उजेडाच्या तक्रारी आहेत. भिंग आणून त्या जाणार नाहीत.

आधी एक पाहून घ्या. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायची जी खाच आहे, तिच्यात मधोमध मोठा गोल संपर्कबिंदू आहे का? या मॉडेलच्या काही नगांत तो नसतो, फक्त कॅननचे छोटे बिंदू असतात. नसेल तर बाजारातला साधा मॅन्युअल फ्लॅश त्यावर उडणारच नाही. कॅननची टीटीएल भाषा (कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद आपोआप ठरवायची पद्धत) समजणारा फ्लॅश लागेल, तोही दुकानात तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून, उडवून बघून घ्या. भिंग आणि असा एक छोटा फ्लॅश मिळून तुमच्या रकमेत बसायला हरकत नाही.

कॅमेरा एम मोडवर (सगळं हाताने ठरवायचं): शटर १/२००, एफ/११, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००, फ्लॅश १/१६ ताकदीवर. मग फक्त फ्लॅशची ताकद वरखाली करायची. या जुळणीत आजूबाजूचा उजेड फोटोत जवळपास येतच नाही, सगळं काम फ्लॅश करतो, आणि १/१६, १/३२ अशा कमी ताकदीवर त्याची चमक सेकंदाच्या हजारोंव्या हिश्शाची असते. हात थरथरला तरी फोटो हलत नाही. फ्लॅश पूर्ण ताकदीवर टाकला तर चमक लांबते आणि हे सुख जातं, म्हणून उजेड कमी पडला तर आधी आयएसओ ४०० करा.

आता डिफ्युझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा. विकतचा नको. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारा पांढरा पातळ फोम घ्या, २-३ मि.मी. जाडीचा. साधारण २५ बाय २० सें.मी.चा तुकडा कापून लेन्सच्या टोकावर कमानीसारखा वाकवायचा, पुढची कड लेन्सच्या ३ सें.मी. पुढे आली पाहिजे. आत फाइलच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा सांगाडा करा, नाहीतर पहिल्याच सरीत लोंबतो. फ्लॅश आणि फोम यांच्यात १०-१२ सें.मी. मोकळी जागा हवी. फ्लॅशच्या तोंडाला फोम चिकटवला तर उजेड पसरायला वावच मिळत नाही, डाग तसाच राहतो. ही चूक सगळ्यात जास्त दिसते. फ्लॅशचं झूम २४वर, म्हणजे सगळ्यात रुंद.

तपासायला भुंगाच लागतो असं नाही, स्टीलचा चमचा पालथा ठेवा. त्यात लहानसा ठिपका दिसला तर डिफ्युझर छोटा आहे किंवा लांब आहे. मोठा पट्टा दिसतोय पण मध्ये भगभगीत गोळा आहे, तर फक्त मधल्या भागात बटर पेपरचा दुसरा थर लावा. कडेला सावकाश विरत जाणारा सलग पांढरा पट्टा दिसला की झालं.

काळी पार्श्वभूमी का येते? अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई होतो. किडा १२ सें.मी.वर आणि मागची झाडी मीटरभर लांब, तिथे काय पोचणार. उपाय दोन. किड्याच्या मागे ६-८ सें.मी.वर दुसरं पान येईल असा कोन शोधायचा. किंवा शटर १/६० आणि आयएसओ ८०० करून मागचा खरा उजेड आत घ्यायचा, मात्र मग हात स्थिर हवा.

---

रोखठोक

किड्यांच्या फोटोंवर पोट भरत नाही. लग्नं शूट करायला शिकवा.

---

बांधावरचा

रोखठोक, अर्धं बरोबर. नुसता सुंदर फोटो विकला जात नाही हे खरं. पण कामाचा फोटो विकला जातो, आणि काम म्हणजे काय हे ज्याला कीटक कळतो त्यालाच कळतं.

उदाहरण लष्करी अळीचं. २०१८मध्ये ही अमेरिकन अळी भारतात आढळली आणि मक्यावर पसरली. शेतात इतरही हिरव्या-तपकिरी अळ्या असतात, मग ओळखायची कशी? डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी फिकट खूण आणि शेपटाकडून दुसऱ्या खंडावर चौकोनात चार गडद ठिपके. ज्या फोटोत या दोन्ही खुणा स्पष्ट आहेत तो पुस्तिकेत, फलकावर, कृषी मासिकात चालतो. दवबिंदू पडलेल्या पानावरची तीच अळी मागून टिपली, तर कितीही देखणी असली तरी शेतकऱ्याला निरुपयोगी.

म्हणून तिला प्रत्येक प्राण्याचा पूर्ण संच घ्यायची सवय लावा: वरून, कडेने, तोंडासमोरून, पंखांच्या शिरा दिसतील असा एक, खाद्यवनस्पती दिसेल असा एक, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून एक. कोळी असेल तर डोळ्यांची मांडणी दिसलीच पाहिजे, कुळ ओळखायला तीच लागते. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर खालची बाजू नीट घ्या, बऱ्याच जातींची खूण तिथेच असते. तारीख, वेळ, ठिकाण, झाडाचं नाव त्याच संध्याकाळी फाइलला जोडून ठेवायचं. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकत गेली तर जाती ओळखून मिळतात आणि नोंदीही जमतात.

लांब जायची गरज नाही. घराजवळची कढीपत्ता, रुई, लिंबू, घाणेरी अशी चार झाडं निवडून वर्षभर पाहिली तर लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी हिरवी कधी होते, कोष कुठे करते, तिच्यात अंडी घालायला गांधीलमाशीची कुठली छोटी नातलग येते, हे सगळं मिळतं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतची सलग मालिका एका सुट्या देखण्या फोटोपेक्षा संपादकाला जास्त उपयोगाची असते. वेळ सकाळी सात-साडेसातपर्यंतची: अंग गार असतं, हालचाल मंद असते.

दोन गोष्टी मात्र अजिबात नकोत. किडा फ्रिजमध्ये ठेवून गारठवणं आणि गोंदाने किंवा सुईने बसवणं. जाणकार परीक्षक पायांच्या ठेवणीवरून हे ओळखतात, आणि मुळात तो क्रूरपणा आहे. अभयारण्यात जायचं तर वनखात्याची रीतसर परवानगी लागते, छायाचित्रणाचा उल्लेख वन्यजीव संरक्षण कायदा १९७२मध्ये स्वतंत्रपणे आहे. आंबोलीसारख्या ठिकाणी पावसाळ्याच्या रात्री बेडकांमागे लोक झुंडीने जातात, तिथे पायाखाली काय चिरडतंय याचं भान नसतं. तिला तरी ते असू दे.

शाखा: अकरावीला विज्ञान, जीवशास्त्र घेऊन. याने एकही दार बंद होत नाही. बारावीनंतर प्राणिशास्त्र आहे, कृषी पदवी आहे. राहुरी, दापोली, अकोला, परभणी ही चारही कृषी विद्यापीठं कीटकशास्त्र शिकवतात आणि दापोली तुम्हाला जवळ. उपयोजित कलेकडे जायचं ठरलं तरी विज्ञानाची बारावी चालते.

---

सराफकट्टा

माझं मत थोडं वेगळं. कीटकशास्त्र शिको न शिको, वर उजेड_आधी यांनी जो चमच्याचा प्रयोग सांगितलाय तिथेच खरी कमाई आहे. चकचकीत, वक्र, दोन सें.मी.ची वस्तू नीट उजेडात टिपणं ज्याला जमलं त्याला दागिने, घड्याळं, नाणी, यंत्रांचे सुटे भाग, औषधाच्या गोळ्या ही सगळी कामं खुली होतात. भुंग्याची पाठ आणि ठुशीचा मणी यांत कॅमेऱ्याच्या दृष्टीने फरक एवढाच की मणी उडून जात नाही.

आत्तापासून घरातल्या दागिन्यांवर सराव करता येतो. ट्रेसिंग पेपरचा शंकू करा, खाली दागिना, वरच्या भोकातून लेन्स, आणि दिवे शंकूच्या बाहेरून. सोनं स्वतःचं काही दाखवत नाही, समोर जे असेल ते दाखवतं. सगळीकडे पांढरं असेल तर सोनं फिकं, पिठासारखं दिसतं. म्हणून शंकूच्या आत १ सें.मी. रुंद काळ्या कार्डाच्या पट्ट्या उभ्या लावायच्या. त्यांचं प्रतिबिंब कडेला पडलं की आकार उठतो. रंग अजून थंड वाटला तर एका बाजूला पिवळसर क्रीम कार्ड. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरा कशाला धरायचा ते) राखाडी कार्डावर ठरवायचा, ऑटोवर अजिबात नाही, नाहीतर त्याच संचातली दोन कानातली दोन रंगांची दिसतात आणि गिऱ्हाईक परत पाठवतं.

मोत्यांची नथ सगळ्यात अवघड. प्रत्येक मोत्यात काळ्या लेन्सचा गोल दिसतो. पांढऱ्या कागदाला लेन्सपुरतं भोक पाडून तो लेन्सभोवती घाला, गोल लहान होतो. मोत्याला उजेडाचा एकच मऊ ठिपका हवा, दोन दिवे लावले की दोन ठिपके आणि मोती प्लास्टिकचा वाटतो. हिऱ्याचं उलट: मऊ उजेडात तो काचेसारखा मेलेला दिसतो, म्हणून एक छोटा उघडा एलईडी तिरका मारायचा. नथ उभी राहायला दागिने चिकटवायचं मेण, तांदळाच्या दाण्याएवढं, पाठीमागून. धूळ आधी ब्लोअरने, मग मऊ ब्रशने. दुप्पट आकारात एक धुळीचा कण काढायला संगणकावर जितका वेळ जातो तितक्यात दहा वेळा ब्रश मारून होतो.

अंगठी पुढून मागे २० मि.मी. खोल असते. अर्ध्या आकाराला एफ/११वर जाडी अडीच मि.मी.च्या आसपास मिळते, म्हणून दोन-दोन मि.मी. फोकस सरकवत १०-१२ फोटो घ्यायचे आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर या संगणक-प्रणालीत एकात जोडायचे. तुमच्या कॅमेऱ्यात फोकस आपोआप सरकवायची सोय नाही, पण यूएसबी केबल लावून कॅननच्या मोफत ईओएस युटिलिटीतून फोकस टप्प्याटप्प्याने हलवता येतो, कॅमेऱ्याला हात लागत नाही. जोडणीत कडेभोवती धुरकट वलय आलं तर टप्पे जास्त मोठे होते किंवा मध्येच टेबल हललं.

नाण्यांसाठी एक युक्ती. झिजलेल्या शिवराईवरची अक्षरं कडेच्या उजेडात अर्धीच दिसतात. लेन्स आणि नाणं यांच्यामध्ये १-२ मि.मी.ची स्वच्छ काच ४५ अंशांत धरा, दिवा बाजूने काचेवर, काचेच्या पलीकडे काळं कापड. उजेड काचेवरून सरळ खाली नाण्यावर जातो आणि तिथून काचेतूनच वर लेन्समध्ये येतो. सपाट भाग उजळतात, अक्षरांच्या कडा गडद होतात. काच जाड घेतली तर दुहेरी प्रतिमा येते. संग्राहक आणि लिलाव करणारे असल्या फोटोंचे पैसे देतात.

---

चिपळूणचा बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीने चमच्याचा प्रयोग लगेच केला. दोन शंका: कुठेतरी वाचलं की दिव्यावर आणि लेन्सवर पोलरायझर लावला की चमक पूर्ण जाते. ते दागिन्यांना का नको? आणि एका प्रकाशनाने तिचे काही फोटो मागितले आहेत, नावासह छापू म्हणतात, मानधन थोडं आहे. काही लिहून घ्यावं का?

---

सराफकट्टा

पोलरायझर दागिन्यांना मारक आहे. दिव्यावर पोलरायझर फिल्म आणि लेन्सवर सीपीएल (फिरवता येणारा पोलरायझर) ९० अंश फिरवून लावला की वरच्यावर परतणारी चमक अडते. तैलचित्र, जुनी पोथी, तुकतुकीत पान, यांना उत्तम, खालचा खरा रंग दिसतो. पण धातूजवळ चमकेशिवाय दुसरं काही नसतंच. ती अडवली की सोनं काळपट, मातकट दिसतं. भुंग्यांतही तेच: साध्या काळ्या भुंग्याला चालेल, धातूसारख्या हिरव्या-निळ्या भुंग्याचा रंगच जाऊ शकतो.

---

करारनामा

बाबा, लिहून घ्याच. मुलगी कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची आहे, तिने केलेला करार कायद्याने टिकत नाही, सही पालक म्हणून तुमची.

स्वामित्वहक्क कायदा १९५७मधल्या तीन तरतुदी फोटोग्राफरने पाठच कराव्यात. पहिली, स्वतःहून काढलेल्या फोटोची मालकी काढणाऱ्याची, पण कुणी पैसे देऊन मुद्दाम काढून घेतला असेल तर वेगळं ठरलेलं नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा. दागिन्यांच्या कामात हे कळीचं आहे: सराफाने काढून घेतलेले फोटो तुमच्या कामाच्या नमुना-वहीत दाखवायचे असतील तर तशी ओळ आधीच लिहून घ्यावी लागते. दुसरी, हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तिसरी, फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं.

म्हणजे तुमच्या बाबतीत ईमेलवर चार ओळी पुरेत: कुठले फोटो, कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या आवृत्तीत, छापील की डिजिटलही, नाव कसं आणि कुठे छापणार, रक्कम किती आणि कधी. 'एकवेळ वापराचा परवाना, मालकी छायाचित्रकाराकडे' हे शब्द घालाच. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं त्यांच्या मसुद्यात आलं तर खोडून परत पाठवा, बहुतेकदा मान्य करतात. पूर्ण आकाराची फाइल रक्कम मिळाल्यावर द्या, रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली कच्ची, मूळ फाइल) कुणालाच देऊ नका. फोटो आपलाच हे सिद्ध करायला तीच कामी येते.

पुढे व्यवसाय सुरू झाला की महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, वर गेली की लागते. दर ठरवताना लोक फक्त शूटचे तास धरतात. घासपूस, जोडणी, डाग काढणं याला शूटच्या दुप्पट वेळ सहज जातो. कॅमेरा-संगणक चार वर्षांत बदलायचे असं धरून त्यांचा वार्षिक हिस्सा कामाच्या दिवसांत वाटा, मग दिवसाचा आकडा निघतो. नगावर दर सांगितला तर 'दुरुस्तीची एक फेरी समाविष्ट' हे लिहायला विसरू नका.

---

जुनी_पानं

रोखठोक यांच्या एका ओळीवरून आठवलं. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या जेरिको गावी विल्सन बेंटली नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता, जन्म १८६५चा. आईने दिलेल्या सूक्ष्मदर्शकाने त्याला हिमकणांचं वेड लावलं. पुढे त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला आणि १५ जानेवारी १८८५ला पहिला हिमकण टिपला. काम बिनतापवलेल्या शेडमध्ये, श्वास रोखून. कण पातळ काडीने उचलून काचेवर ठेवायचा आणि पिसाने अलगद दाबायचा. छापताना पार्श्वभूमी काळी यावी म्हणून निगेटिव्हच्या दुसऱ्या प्रतीवर कणाभोवतीचा लेप चाकूने खरवडून काढायचा. अशी ५०००हून जास्त छायाचित्रं त्याने काढली, १९३१ साली त्यांचं पुस्तक निघालं. आणि हा माणूस जन्मभर शेतीच करत राहिला. छंद एका खिशात आणि पोट दुसऱ्या खिशात, ही वाटही कमी प्रतीची नाही. तिच्यापुढे तीही ठेवा.

शिक्षणाबद्दल थोडं. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली नसेल तर द्यायला लावा. दहावीला वाढीव गुण मिळतात ते सोडा, छायाप्रकाश हाताने काढल्यावर डोळा तयार होतो. मुंबईला जेजेमध्ये उपयोजित कलेची ४ वर्षांची पदवी आहे, त्यात छायाचित्रण हा विषय येतो. प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षीचे पाहा, बदलत असतात. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचं सिनेमॅटोग्राफी आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचं गांधीनगरचं छायाचित्रण हे दोन्ही पदवीनंतरचे, त्यामुळे आधी प्राणिशास्त्र आणि मग हे, असंही जमतं. उटीची लाइट अँड लाइफ अकॅडमी निव्वळ व्यावसायिक छायाचित्रण शिकवते.

---

भिंगवाला

पावसाचा चौथा प्रश्न राहिलाच. भिंगावर बुरशी हवेतली आर्द्रता सतत ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की धरते, आणि चिपळुणात जून ते सप्टेंबर ती खाली येतच नाही. कापडी बॅगेत कॅमेरा ठेवणं सगळ्यात वाईट. बॅग ओल धरते. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी पावशेर सिलिका जेल कापडी पिशवीत, आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आत. आकडा ४० ते ५०च्या मध्ये हवा. ३५च्या खाली फार दिवस नको, रबर आणि वंगण सुकतं.

रंग दाखवणारे सिलिकाचे दाणे नारिंगीचे हिरवे किंवा निळ्याचे गुलाबी झाले की ते भरले. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास पसरून ठेवले की पुन्हा चालतात. अन्नाच्या भांड्यात मात्र नको, निळ्या प्रकारात कोबाल्टचं संयुग असतं. डांबरगोळ्याही डब्यात टाकू नका, वाफ काचेवर बसते.

रानातून आल्यावर ओला कॅमेरा तसाच डब्यात बंद केलात तर सिलिका दोन दिवसांत संपते. आधी सुती फडक्याने पुसून, बॅटरी आणि कार्ड काढून, पंख्याखाली तासभर. एसी गाडीतून उतरताना उलटी अडचण: गार लेन्सवर बाहेरची वाफ लगेच जमते. अर्धा तास आधी एसी बंद करा किंवा बॅग न उघडता तेवढा वेळ थांबा. रेनॉक्सचं भिंग प्रत्येक फेरीनंतर आतल्या बाजूनेही तपासायला सांगा, क्लिपच्या खोबणीत थेंब अडकून राहतो आणि बुरशीचा पहिला धागा बहुधा तिथूनच निघतो.